गायला कोणासंगं बसायचं

तळेगाव (श्यामजी पंत)
१७ नोव्हेंबर २०२४

चि. काजल,

परवा फोनवर माझ्या प्रत्येक वाक्याला तू "हो काका, हो काका" म्हणत होतीस. तुझी परीक्षा कधी आहे असं विचारलं, त्यालाही तू "हो काका" म्हणालीस. तेव्हा समजलं की माझं बोलणं तुला कळतच नाही. तुझा दोष नाही. ऑगस्टमध्ये डाव्या अंगावरून वारं गेलं, हात लुळा पडला, पाय काठीवर आला, पण खरं वाटोळं केलं ते जिभेनं. डोक्यात वाक्य सरळ असतं, ओठापर्यंत येता येता त्याची पेज होते. तुझ्या काकूला थोडंफार कळतं. बाकीचे नुसती मान हलवतात.

उजवा हात शाबूत आहे, म्हणून लिहितो. आपला अनुप वर्धा गाडीवर कंडक्टर आहे. आम्ही एसटीत बरोबर होतो तेव्हाचा त्याचा लोभ आहे, तो पत्र तुझ्या वसतिगृहाच्या फाटकावर देईल.

आता कामाचं. जानेवारीत आर्वीला खंजिरी भजनाची जिल्हा स्पर्धा आहे. आपल्या मंडळात चंद्रभान गायला आहे, कैलास खंजिरीला आहे, मागे टाळकरी आहेत. पेटीला कोणी नाही. माझी उजवी बोटं अजून पट्ट्या विसरली नाहीत, पण डाव्या हातानं भाता हलत नाही, आणि हवेशिवाय पेटी म्हणजे लाकडाचा खोका. कैलासनं मोबाईलवर सूर लावून पाहिला. चंद्रभान म्हणाला, यापेक्षा मिक्सर लावा.

गुरुवारी देवळात बैठक झाली. मी कागदावर तुझं नाव लिहून पुढे केलं. खरं सांगतो, भांडणाच्या तयारीनं गेलो होतो. मनात उत्तरं जुळवून ठेवली होती, ती बोलायची कशी हा प्रश्न होता. पण कोणी हूं की चूं केलं नाही. उलट चंद्रभानच म्हणाला, "पोट्टी आपलीच आहे. आपल्याच पेटीवर शिकली. त्यात इचाराचं काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येताना माझे डोळे भरून आले. आपल्या गावात हे होईल असं वाटलं नव्हतं.

डिसेंबरातले दोन रविवार ये. गाणी तुला पाठच आहेत.

तुझा
प्रभाकर काका


सेवाग्राम
२८ नोव्हेंबर २०२४

प्रभाकर काका,
जय भीम. काकूलेही सांगा.

पत्र भेटलं. तुमचं अक्षर पाह्यलं अन् बरं वाटलं. एकही ओळ वाकडी नाई. मी बोलते तसंच लिहून राह्यली, हसू नोका.

तुमची प्रगती चांगली आहे. डाव्या हातात रबरी चेंडू धरून दाबाचं विसरू नोका. इथं वॉर्डात तुमच्यासारखे गंज पेशंट असतात, एक खाट रिकामी राहत नाई. जे रोज करतात त्यायचा हात लवकर येते. जे बायकोवर चिडतात त्यायचा उशिरा येते.

जानेवारीचं मात्र कठीण दिसते. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाले ड्युट्या भलत्या लावतात, रविवारही सुटत नाई. आर्वीकडे कोणी पेटीवाला भेटन का पाहा. मंडळाले माहा नमस्कार सांगा.

तुमची
काजल


तळेगाव
९ डिसेंबर २०२४

चि. काजल,

रविवार सुटत नाही असं तू लिहिलंस. पण एक तारखेच्या रविवारी तू वर्धेहून याच गाडीनं तळेगावला आलीस आणि संध्याकाळी परत गेलीस, हे अनुपनं मला सांगितलं. तो चुगली करत नव्हता. त्याला वाटलं तू माझ्याकडेच आली होतीस.

माझ्या ओसरीवरून दोन गल्ल्या ओलांडल्या की तुझं घर. मी समजलो काय ते. काठी घेतली आणि तुझ्या घरी गेलो. बाबारावाला म्हणालो की पोरीला अडवू नकोस. म्हणालो म्हणजे प्रयत्न केला. त्यानं ऐकून घेतलं, तुझ्या आईनं चहा दिला, आणि मला सोडायला तो गल्लीच्या तोंडापर्यंत आला. हो नाही, ना नाही. बाबारावाच्या ढोलकीबरोबर मी किती वर्षं बोटं चालवली. या माणसानं पोरीच्या आड यावं याचं मला वाईट वाटलं. त्याच्यावर त्याच्या लोकांचं दडपण असेल, ते मी समजू शकतो. पण तू शिकलेली आहेस. सुराला जात नसते, धर्म नसतो, हे तू मला सांगायचं की मी तुला?

मंडळाला मी तुझा होकार कळवला आहे. स्पर्धेच्या अर्जात पेटीवादक म्हणून तुझं नाव गेलं आहे. आता मागे फिरता येणार नाही. बाबारावाशी मी पुन्हा बोलेन.

काका


सेवाग्राम
१६ डिसेंबर २०२४

काका,
जय भीम.

बाबाले काही बोलू नोका. बाबा तं जा म्हणतात. त्यायनं मले समोर बसवून सांगतलं, "काकानं तुले हात धरून शिकोलं. त्यायनं पहिल्यांदा काही मागतलं. नाई म्हणू नोको." आईचंही तेच. त्या रविवारी मी गावाले आली ते यासाठीच, की घरी बोलू. नाई म्हणणारी मी एकटीच आहो. ड्युटीचं खोटं लिहिलं, कारण तुमची तब्येत पाहून खरं लिहाले हात चालला नाई. आता तुम्ही माह्या बापाच्या दारात जाऊन त्याले दोष देऊन आले, म्हणून लिहिते.

तुम्ही म्हणता सुराले जात नसते. सुराले नसन. पण भजन म्हणजे नुसता सूर नाई. देवासमोर बसाचं, सुरुवातीले जयजयकार कराचा, शेवटी आरतीले उभं राह्याचं, कपाळाले बुक्का लावून घ्याचा. हे सगळं आमच्या घरात आजोबाच्या वेळेस सुटलं. सुटलं म्हणजे विसरलं नाई. सोडलं. मी पेटीवर बसली अन् जयजयकाराच्या वेळेस तोंड बंद ठेवलं तं तुमच्या लोकाईले खुपन. तोंड उघडलं तं मले खुपन. तुम्ही म्हणान, तू फक्त पेटी वाजव. पण तुम्हीच शिकोलं ना मले, की पेटीवाल्यानं गाण्याच्या आत बसलं पायजे, बाहेर नाई?

अन् आणखी एक. तुम्ही मंडळाले विचारलं. मले नाई विचारलं. सातवीपासून बारावीपर्यंत मी तुमच्या ओसरीवर शिकली. गुरुवारी तुम्ही पेटी घेऊन देवळात जात, मी माह्या घरी जाई. तेव्हा कोणाले वाटलं नाई पोट्टी आपली आहे. मलेही वाईट वाटत नव्हतं, कारण मले तिथं याचंच नव्हतं. आता पेटी बंद पडली, तं मी आपली झाली.

आमच्या जयंतीच्या गाण्याईच्या चाली तुम्ही बसवून दिल्या. बाबा आजही सगळ्याईले सांगतात. पण जयंतीच्या मंचावर तुम्ही एकही वर्ष येऊन नाई बसले. मी हिशेब मागून नाई राह्यली. मले वाटे तुम्हाले हे माह्यापेक्षा जास्त समजते, की कोणासंगं बसून गायचं हे माणसं ठरवतात अन् मंग सूर लागते.

अर्जातलं नाव काढून टाका.

काजल


तळेगाव
२० जानेवारी २०२५

चि. काजल,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसलो आणि फाडलं, पुन्हा बसलो आणि फाडलं. तू लिहिलंस ते बरोबर की चूक, हे अजून माझं ठरलेलं नाही. तेव्हा त्यावर लिहीत नाही. स्पर्धेचं काय झालं ते कळवतो, कारण ते तुला दुसरं कोणी धड सांगणार नाही.

तुझं नाव काढल्यावर मी काय केलं, तर तुझ्या काकूला पेटीच्या मागे बसवलं. तिनं भाता मारायचा, मी उजव्या हातानं वाजवायचं. पहिले चार दिवस आमची अशी भांडणं झाली की शेजारचे डोकावून गेले. ती भाता मारते ताक घुसळल्यासारखा. मी हळू म्हणायला जातो, ते तिला "वर" असं ऐकू येतं, आणि पेटी किंचाळते. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही तोंड उघडूच नोका. मले गाणं माहीत आहे." आणि खरंच माहीत होतं. आजवर आमची बैठक आमच्या घरी झाली की ती आत चहा करायची. भिंतीपलीकडून तिनं सगळं पाठ केलं होतं, कुठे चंद्रभान दम घेतो आणि कुठे कैलास घाई करतो तेसुद्धा. आठवड्यात आमचं जमायला लागलं. बोटं माझी, श्वास तिचा. बरं वाजत होतं काजल, खोटं नाही सांगत.

मग आम्ही दोघं गुरुवारी देवळात गेलो. मंडळानं ऐकलं. वाहवा केली. आणि चंद्रभान म्हणाला, "वहिनी, घरी ठीक आहे. पण मंचावर तुम्ही कशा बसान? पुरुषाईचं मंडळ आहे आपलं." मी तुझ्या काकूकडे बोट दाखवून विचारलं, मग काजल कशी चालत होती? त्याला माझा प्रश्न कळायलाच वेळ लागला. कळल्यावर म्हणाला, "थे लेकरू आहे. वहिनी म्हणजे वहिनी." सगळ्यांनी तशाच माना डोलावल्या, जशा तुझ्या वेळी डोलावल्या होत्या. तुझी काकू उठली आणि एकटीच घरी गेली.

पुलगावचा एक पेटीवाला ठरवला. तो सरळ मंचावरच भेटला. त्याचा सूर वर, चंद्रभानचा खाली. चंद्रभान त्याच्या सुरात चढायला गेला आणि दुसऱ्याच गाण्याला त्याचा आवाज फाटला. निम्मे टाळकरी हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून आलेच नव्हते, त्यामुळे ओळ झेलायला मागे कोणी नाही. परीक्षकांनी घंटी वाजवली.

परतीच्या जीपमध्ये चंद्रभान म्हणाला, "प्रभाकरभाऊच्या पोट्टीनं धोका देला." मला सांगायचं होतं की तिनं कधी शब्दच दिला नव्हता, तो मी दिला होता. मी बोलत राहिलो. जीपमधले सगळे माझ्याकडे दयेनं बघत राहिले, आणि कैलास म्हणाला, "हो हो, बरोबर आहे भाऊ."

तेव्हापासून मी देवळात गेलो नाही.

काका


सेवाग्राम
३ फेब्रुवारी २०२५

काका, काकू,
जय भीम.

काकूचं वाचून मी हसली अन् मंग मले भलता राग आला. काकूले सांगा, मी आली की मले तुमची जोडी ऐकाची आहे.

तुम्हाले वाटत असन काजल तिकडे मोठ्या ठसक्यात बसली आहे. तं आमच्याकडचं ऐका.

माहा चुलतभाऊ अंकित यंदा जयंती समितीचा अध्यक्ष झाला. समितीनं नागपूरचा डीजे ठरवला आहे, ट्रकवर बांधून आणतात तो. मी त्याले फोन केला, म्हटलं मिरवणुकीच्या आधी गाण्याचा कार्यक्रम ठेव, जसा पहिले राहे. त्यानं विचारलं, "ऐकाले बसन कोण?" मी म्हटलं, तू बस. तो हसाले लागला. मंग म्हणाला, तुले एवढी हौस आहे तं माणसं जमा कर.

मंग मी माणसं जमा कराले निघाली. सगळे हो म्हणतात, काका. एकही माणूस नाई म्हणत नाई. रविवारी विहारात या म्हटलं की हो. रविवारी मी इथून बस बदलत बदलत जाते, तं विहारात बाबा ढोलकी घेऊन एकटे बसले असतात अन् आई उंबऱ्यावर. मोनालीच्या घरी पाहुणे, पौर्णिमाच्या डोक्यात दुखते, कोणाचा मोबाईल लागत नाई. एका रविवारी एक काकू आल्या, त्यायनं गाणं म्हणाच्या आधी मले विचारलं, "तू तं भजनवाल्याईकडे शिकली ना? मंग तुही चाल तशीच येईन." मी म्हटलं चाल तशी येऊ द्या, तुम्ही तं या. त्या पुढच्या रविवारी नाई आल्या.

बाबा म्हणतात, गळा कोणाकडेही असते, मागं म्हणणारे पायजेत. गाणारा पुढची ओळ म्हणते ती मागच्याईच्या भरवशावर.

म्हणून मी तुम्हाले विचारून राह्यली. चौदा एप्रिलले तुम्ही अन् काकू आमच्यात येऊन बसान का? पेटी घेऊन, काकू भात्यावर. मले कीबोर्डपेक्षा पेटी पायजे. तुम्ही नाई म्हणू शकता. मी रुसणार नाई. पण उत्तर स्वतःचं द्या, मंडळाचं नोको.

काजल


तळेगाव
२४ फेब्रुवारी २०२५

चि. काजल,

उत्तर द्यायला उशीर झाला. पहिले काही दिवस मी विचार करत होतो. आधी मनात आलं की मंचाच्या पायऱ्या मला चढवणार नाहीत. मग आलं की लोक काय म्हणतील. तुझी काकू म्हणाली, लोकांना तुमचं बोलणं कळत नाही, तुम्हाला त्यांचं काऊन कळायला पाहिजे? मी तुला हो लिहिणार होतो. ती गोष्ट गावात आधीच पोचली होती. कशी, माहीत नाही.

शनिवारी संध्याकाळी चंद्रभान आणि कैलास घरी आले. चंद्रभान माझ्यासमोर नीट मांडी घालून बसला. तब्येत विचारली. मग म्हणाला, "भाऊ, तुम्ही कुठंही जा. तुमाले कोण अडवते? पण पेटी मंडळाची आहे. वर्गणीची आहे. थे तिकडे नेता येत नाही."

मी म्हणालो, ही पेटी मी वाजवली, मीच दुरुस्त करत आलो. म्हणालो की या पेटीवर आमच्याच घरात बौद्धवाड्यातल्या गाण्यांच्या चाली बसल्या, तेव्हा पेटीला काही झालं नाही. म्हणालो की स्पर्धेला तुम्हाला तिथलीच मुलगी हवी होती. एवढं सगळं मी म्हणालो, काजल. घाम फुटेपर्यंत म्हणालो. चंद्रभान लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकत होता, आणि शेवटी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "हो ना भाऊ. तुमचंही बरोबर आहे." मी त्याचा हात झटकला. तेवढंच मला स्पष्ट जमलं.

कैलासनं पेटी उचलली. तेव्हा तुझी काकू आतून आली आणि दारात उभी राहिली. मला वाटलं ती अडवेल. ती म्हणाली, "न्या. पण चंद्रभानभाऊ, आजपासून तुमच्या मंडळाचा चहा माह्या घरी होणार नाही. अन् तुमी कोणाकडे गेले तं थे बाईही भिंतीमागं ऐकतच असन, हे ध्यानात ठेवा." चंद्रभान खाली मान घालून गेला. तो वाईट माणूस नाही. आजारपणात मला दवाखान्यात नेणारा तोच होता. त्यामुळेच जास्त संताप येतो. वाईट माणसावर चिडता तरी येतं.

आता पेटी नाही. ओसरीवरची ती जागा मोकळी आहे, आणि आम्ही दोघं तिकडे न बघता जेवतो. तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हो होतं. आता त्या होचा काय उपयोग ते तूच सांग.

काका


सेवाग्राम
१२ मार्च २०२५

काका,
जय भीम.

तुमचं पत्र वॉर्डात वाचलं अन् सिस्टरनं विचारलं काय झालं. काही नाई म्हटलं.

उपयोग आहे. माह्या खोलीतल्या समीक्षाकडे कीबोर्ड आहे, तो तिनं देला. पेटीसारखा नाई, पण चालते. अंकितनं ट्रक निघाच्या आधी थोडा वेळ देला आहे, मंचावर नाई, विहारासमोरच्या मांडवात. आता आई, मोनाली, बाबा अन् मी एवढे पक्के आहो. आईनं कधी माईक पाह्यला नाई, पण येते म्हणाली.

मले पेटीवाला नाई पायजे. मागं ओळ म्हणणारे पायजेत. इथल्या स्पीच थेरपीच्या मॅडमले मी तुमचं विचारलं. त्या म्हणाल्या, अक्षर लांबवून म्हणाचा सराव करा, गाणं म्हटलं तं चांगलंच. अन् समजा शब्द नाई लागले, तं बाकीच्याईच्या आवाजात कोणाले समजते?

पुन्हा विचारते. याल का?

काजल


तळेगाव
२३ एप्रिल २०२५

चि. काजल,

चौदा तारखेला तू रागाच्या भरात गेलीस. कीबोर्ड खोक्यात कोंबलास, बापाशी बोलली नाहीस, आम्हाला फक्त हात केलास आणि अनुपच्या गाडीत चढलीस. मला राग आला नाही. माझ्या अंगात जोर असता तर मीही काहीतरी फेकलं असतं. दुसरं गाणं अर्ध्यावर होतं आणि ट्रकवाल्यानं आवाज तपासायला सुरुवात केली. माझ्या छातीच्या फासळ्या हलत होत्या. आम्ही दोघं तुझ्या बाजूलाच बसलो होतो, तरी तू गात होतीस हे फक्त तुझ्या तोंडाकडे बघून कळत होतं. तू अंकितकडे हात करत होतीस, तो ट्रकवाल्याकडे हात करत होता, आणि ट्रकवाला त्याच्या यंत्रात डोकं घालून बसला होता. समोरचे उठून नाचायला गेले. एक म्हातारी उरली, तिनं कानावर हात ठेवले होते. तुझा चेहरा पाहिला तेव्हा मला चंद्रभानचं स्पर्धेतलं तोंड आठवलं. तुला ही तुलना आवडणार नाही.

तू गेल्यानंतरचं तुला माहीत नसावं, कारण बाबाराव फोनवर कमी बोलतो आणि तुझी आई सगळंच बरं आहे म्हणून सांगते.

मिरवणूक मेन रोडला वळली तसा आवाज लांब गेला. मांडवात आम्ही चौघंच होतो. बाबाराव सतरंजी गुंडाळत होता. तुझी काकू त्यावरच बसली होती, ती उठेना. तो म्हणाला, "वहिनी, सरका." ती म्हणाली, "तुमचं गाणं अर्धंच राह्यलं. मले पुढची चाल ऐकाची आहे." तो म्हणाला आता कोणासाठी? ती म्हणाली, "मी काय कोणी नाही का?"

बाबारावानं सतरंजी सोडली आणि ढोलकी घेतली. तानाबाईंनी, तुझ्या आईनं, गाणं उचललं. किती मोकळा आवाज आहे त्यांचा, तू कधी सांगितलं नाहीस. आम्ही मागे ओळ धरली. चाल माझीच, पण शब्द मला ठाऊक नव्हते. एवढी वर्षं मी नुसती चाल देत आलो. तानाबाई ओळ सांगत, मी म्हणत होतो. माझ्या शब्दांची पेज त्या तिघांच्या आवाजात कुठे गेली माहीत नाही. गाणं संपल्यावर बाबाराव म्हणाला, "प्रभाकरभाऊ, तुमचा 'रा' आला." ऑगस्टपासून 'रा' माझ्या जिभेवर येतच नव्हता, तरी मला कळलंच नाही तो काय म्हणतो ते. मग काकूनं मला परत म्हणायला लावलं. एकट्यानं म्हणताना नाही आला. असो.

रस्त्यावर चंद्रभान मोटरसायकल चालू ठेवून उभा होता. तो आतही आला नाही आणि गेलाही नाही. आम्ही सतरंजी गुंडाळल्यावर गेला.

आता कालचं सांगतो, त्यासाठीच हे पत्र. काकूनं ठरवलं की दर मंगळवारी आपल्या ओसरीवर बसायचं. मंडळ नाही, समिती नाही. ज्याला यायचं त्यानं यावं. काल तानाबाई आणि बाबाराव आले. मोनाली आली. आमच्या गल्लीतल्या दोघी बायका आल्या, चंद्रभानची सूनसुद्धा, घरी न सांगता. चंद्रभानला कळलंच होतं, कारण थोड्या वेळानं कैलास निरोप घेऊन आला, की पेटी देतो, पण तिच्यावर भजनच वाजलं पाहिजे. काकूनं त्याला सांगितलं की पेटी राहू द्या, तुम्ही बसा. तो ओट्याच्या कडेला टेकला.

मग गाणं काय म्हणायचं यावर सुरू झालं. भजन म्हटलं तर तानाबाई म्हणणार नाहीत, त्यांनी सरळ सांगितलं. जयंतीचं म्हटलं तर चंद्रभानच्या सुनेला येत नाही, आणि येत असतं तरी घरी कळलं तर काय, ही तिची भीती. लग्नातली म्हणू म्हटलं, तर त्यातही देवाची नावं. मोनालीनं सिनेमातलं काढलं, ते बाबारावाला नको. कैलास मध्येच म्हणाला की नुसती खंजिरी वाजवू का, तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. मी कागदावर काहीतरी लिहून दाखवत होतो, ते कोणी वाचलं नाही. तुझी काकू चिडली, तानाबाई चिडल्या, दोघी एकमेकींना समजावू लागल्या आणि पुन्हा चिडल्या. चहा झाला. पुन्हा चहा झाला. अंधार पडला. एकही गाणं ठरलं नाही, काजल, एकही ओळ कोणी म्हटली नाही. मला इतका वैताग आला की काठी आपटावीशी वाटली.

पण उठून कोणी गेलं नाही. चंद्रभानच्या सुनेला घरून दोनदा बोलावणं आलं, तरी ती बसून होती. निघताना तुझी आई काकूला म्हणाली, "पुढच्या मंगळवारी ठरवूच."

आता तू शहाणी आहेस, तूच सुचव. आम्ही आठ-नऊ माणसं तोंड मिटून बसलो आहोत.

तुझा
प्रभाकर काका


सेवाग्राम
२७ एप्रिल २०२५

काका, काकू,
जय भीम.

मले काही सुचत नाई. इथं समीक्षाले विचारलं, तिलेही नाई सुचलं. आम्ही दोघी त्याच्यावरच भांडलो.

आईचा आवाज मलेही माहीत नव्हता. खरं सांगते. मांडवात ती मागं हळूच ओळ म्हणत होती, अन् घरी तं कधी गातच नाई.

मंगळवारी मले ड्युटी असते अन् या वेळेस खोटं नाई लिहून राह्यली. मी नसताना काही ठरवू नोका. रविवार करा.

काजल